रीटेकचं कुंकू

आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी मला हळदीकुंकवाला बोलावलं तेव्हा मला आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटेल की ही बाई मुळातच कडवट आहे. आज मी कडवट आहेच, पण त्या दिवशी नव्हते. त्या दिवशी मी कपाटाच्या तळातली हिरवी नारायणपेठ काढली होती आणि डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून सकाळपासून दोरीवर टाकून ठेवली होती.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. 'आम्ही' म्हणायची सवय सुटत नाही. खरं तर मी एकटीच राहते. मिस्टर जाऊन तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. मुलगी लग्न होऊन माजिवड्याला असते. मी वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात बिलांचं काम बघते.

समोरच्या दारातली शेजारीण आणि मी एकाच वर्षी या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. तिला इथे मी 'समोरची' म्हणेन. तिचा मुलगा लहानपणी माझ्याकडेच जेवायचा, कारण आईच्या हातची भाजी त्याला आवडायची नाही, आणि हे ती स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगायची. मिस्टर हॉस्पिटलात होते तेव्हा तिचा डबा यायचा. ते गेले त्या दिवशी सासरकडच्या एका म्हातारीनं पुढे होऊन माझं कुंकू पुसलं, तेव्हा मला मागून धरून उभी होती ती समोरचीच. तिच्या हातांची थरथर मला माझ्या दंडांवर कळत होती. मी रडत नव्हते, तीच रडत होती.

त्यानंतरच्या दोन्ही संक्रांतींना मला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. कुणी तोंडानं काही बोललं नाही. पूर्वी बोलावणं करायला घरची बाई स्वतः यायची, उंबऱ्यात उभी राहून कुंकू लावायची आणि 'संध्याकाळी नक्की या हं' म्हणायची. एखादीला टाळायचं असेल तर तिच्या दारावरून मान खाली घालून जावं लागायचं. एवढी तरी लाज होती. आता ग्रुपवर चमचमणारं कार्ड पडतं आणि जिला बोलवायचं नसेल तिला वगळून दुसरा ग्रुप करतात. कुणालाच मान खाली घालावी लागत नाही, कारण मान तशीही फोनमध्ये खालीच असते.

या फोननं बायकांचं काय करून ठेवलंय ते मी रोज बघते आहे. 'अहो पण काकू, किती माहिती मिळते' वगैरे मला कुणी ऐकवू नये. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या स्वयंपाकघरांत आता एकसारख्या काचेच्या बरण्या आहेत, लाकडी झाकणांच्या, आणि त्यांत डाळी कमी नि शोभा जास्त. सकाळी उठून मुकाट्यानं चहा पिणाऱ्या बाया आता कसलंसं बी भिजवलेलं पाणी पितात, मग चक्कर येते म्हणून चहा पितात. नवरात्रात आज कुठला रंग हे एखादवेळेस देवी विसरेल, या विसरणार नाहीत. गच्चीवर आम्ही मिळून पापड लाटायचो. एकमेकींच्या सासवांची, सुनांची, नवऱ्यांची यथेच्छ निंदा व्हायची आणि पोट धरून हसणं व्हायचं. आता एक जण शूट करते आणि बाकीच्या कॅमेऱ्याकडे न बघण्याचा अभिनय करतात. कॅमेरा चालू म्हटल्यावर निंदा कोण करणार? पापडही धड लाटले जात नाहीत, जाड राहतात.

मी काही फार वेगळी होते अशातला भाग नाही. कामावरून आल्यावर घरात दुसरं माणूस नाही; करणार काय? समोरच्या दाराची बेल वाजवायची सोडून मी तिचं स्टेटस बघत बसायचे. ती कुठे गेली, तिनं काय केलं, हे मला फोनमधून कळायचं, आणि मध्ये होता तो जिन्याचा एवढासा चौक.

त्यात तिसऱ्या मजल्यावर एक सून आली. तिशीची, चटपटीत, हुशार. नोकरी सोडून तिनं रील बनवायला घेतल्या होत्या आणि म्हणे पुष्कळ बायका तिला बघायच्या. जिन्यात भेटली तर गोड हसायची, पण ती आपल्याकडे बघते आहे असं कधी वाटायचं नाही. आपल्यावर उजेड कुठून पडतोय तेच बघत असावी. जानेवारीत एका रविवारी ती माझ्या दारात आली. सोबत समोरची.

"काकू, या वर्षी आम्ही एकदम हटके करतोय," ती म्हणाली. "विधवांना हळदीकुंकू. म्हणजे, सॉरी, तसं नाही म्हणायचं मला. तुम्हाला बोलावतोय. या काकी तुम्हाला कुंकू लावणार. मी छोटंसं शूट करेन, बस. मेसेज गेला पाहिजे ना लोकांपर्यंत."

"ये गं," समोरची म्हणाली. "मला किती दिवसांपासून वाटत होतं."

वाटत होतं तर बेल वाजवायला कुणी हात धरला होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं की मी परत बायकांत बसणार. हे कुणाला क्षुल्लक वाटेल. ज्या बाईला लग्नामुंजीत मागच्या खुर्चीवर बसवून ठेवतात आणि ताट मात्र अगदी आठवणीनं आणून देतात, तिला विचारा. मला कुंकवाचं एवढं काही पडलेलं नव्हतं. बारीक काळी टिकली मी ऑफिसला लावतच होते. मला हवी होती सतरंजीवरची माझी जागा.

तर मी हिरवी साडी नेसून तिसऱ्या मजल्यावर गेले. हॉलमध्ये बायका काळ्या साड्या नेसून, गजरे माळून बसल्या होत्या. मध्ये दिव्याचं गोल कडं असलेला स्टँड. मला बघून सगळ्या "या, या" म्हणाल्या आणि मला खरंच भरून आलं.

तिसऱ्या मजल्यावरची मात्र कपाळाला आठ्या घालून उभी. "काकू, हिरवी नको होती. पांढरी किंवा क्रीम असती तर कॉन्ट्रास्ट आला असता. थांबा." ती आत गेली आणि फिकट रंगाची एक शाल आणून तिनं माझ्या अंगावर टाकली. साडी झाकली गेली. मग तिनं नखानं माझी टिकली काढली आणि ती स्टँडला चिकटवून ठेवली.

मला खुर्चीवर बसवलं. समोरची हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली. तिनं आधी हळद लावली, मग कुंकू. तिचं बोट गार होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे, आणि दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं. तो क्षण खरा होता, हे मी आजही नाकारणार नाही. आपली बाई आपल्याला परत मिळाली असं मला वाटलं.

"अरे यार! फोकस गेला," तिसऱ्या मजल्यावरची ओरडली. "सॉरी, सॉरी. काकू, रडणं एकदम परफेक्ट होतं, तसंच परत द्या. रीटेक घेऊ. काकी, जरा त्यांचं कपाळ पुसून घ्या ना. वेट वाइप तिथे टेबलावर आहे."

समोरचीनं वाइप घेतला आणि माझं कुंकू पुसलं.

हॉलमध्ये पंधरावीस बायका होत्या. बांगडी फुटली तर 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं, असं लेकीसुनांना शिकवणाऱ्या. दिवा विझला म्हणायला घाबरणाऱ्या. त्यांच्यासमोर एक बाई दुसऱ्या बाईचं कुंकू पुसत होती आणि एकीच्याही तोंडून 'अगं' निघालं नाही. एक जण तर पुढे वाकून म्हणाली, "डाव्या बाजूला राहिलंय बघा थोडं." समोरचीचा हात या वेळी थरथरत नव्हता. डाव्या बाजूला राहिलेलं कुंकू नीट निघतंय ना, याच्याकडे तिचं लक्ष होतं.

परत लावलं. मध्येच कुणीतरी शिंकलं. परत पुसलं. मग लावताना समोरचीचा हात कॅमेऱ्याच्या आड आला, म्हणून पुन्हा पुसलं. शेवटी कपाळाची कातडी लाल झाली आणि कुंकू पसरल्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा त्यावर पावडर लावून घेतली. मी उठून का नाही गेले? कारण उठले असते तर त्या जिन्यावरून एकटीच खाली आले असते, आणि नेमकं तेच मला नको होतं.

रील दुसऱ्या दिवशी आली. मागे बासरी, माझे डोळे, समोरचीचं बोट, सगळं संथ केलेलं. वर अक्षरं: 'नियतीनं हिरावलं, समाजानं दिलं.' समाज म्हणजे तिसरा मजला. खोटं कशाला बोलू, मीही ती पुन्हा पुन्हा बघितली. त्यात मी नव्हतेच. शाल पांघरलेली एक बिचारी म्हातारी होती आणि तिला कुणीतरी काहीतरी भीक घालत होतं. खाली लोकांनी बदाम टाकले होते. कुणी मला माऊली म्हणत होतं, कुणी आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना संस्कृती बुडवायला निघाल्या म्हणून शिव्या देत होतं, कुणी 'या वयात नटायची हौस' असं माझ्याबद्दल लिहीत होतं, आणि एकीला समोरचीच्या साडीची लिंक हवी होती.

ऑफिसात पॅकिंगच्या पोरी मला बघून कुजबुजायला लागल्या. "मॅडम, तुम्ही तर व्हायरल! आमच्या आईनं पण बघितलं, रडली ती," एक जण म्हणाली. कौतुकानंच म्हणाली, पण त्या दिवसापासून माझ्याकडे बिलं घेऊन येताना तिचा आवाज आजारी माणसाशी बोलतात तसा मऊ झाला. आंबिवलीच्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, दादाला जाऊन दिवस किती झाले? आणि तुम्ही नटूनथटून सगळ्या जगासमोर रडताय?" मी नटले नव्हते, शाल होती, एवढं सांगेपर्यंत तिनं फोन ठेवला. ती माझ्याशी तशी बरी होती. तेव्हापासून नाही.

मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन सांगितलं, ते काढून टाक.

"काकू, आत्ता नको ना प्लीज," ती म्हणाली. "इतकी मस्त चाललीये. आत्ता डिलीट केलं तर माझं सगळं पेज बसेल. आणि तुम्ही किती बायकांना इन्स्पायर केलंय माहितीये? महिला दिनाला आपण तुमचा मेकओव्हर करूया."

मी तिला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती घाबरली नाही. दुखावली. तिला मनापासून वाटत होतं की तिनं माझं भलं केलंय आणि मी कृतघ्न आहे. हीच जात मला सगळ्यात जास्त चीड आणते. वाईट वागणाऱ्याशी निदान भांडता येतं.

समोरचीचं मात्र भाग्य उजळलं. कल्याणच्या कुठल्याशा महिला मंडळानं तिला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं, शाल-नारळ दिला. ती 'मी नेहमीच म्हणते' अशी वाक्यं बोलायला लागली. सकाळी दूध घेताना केस पिंजारलेली भेटायची, ती आता दार उघडायच्या आधी ओठांना काहीतरी लावायची. तिच्या स्टेटसवर रोज बायकांनी बायकांना कसं सांभाळून घ्यावं याचे विचार यायचे. मी ते रोज बघायचे. माझ्या घरी ती त्या वर्षात आली नाही.

डिसेंबरात तिच्या मुलाचं लग्न झालं. मी गेले, सुनेला साडी दिली, जेवले. मुलगा पाया पडला आणि "काकू, तुमच्या हातची वांग्याची भाजी हिला शिकवा," म्हणाला. मला बरं वाटलं. मुलगी गुणी दिसत होती. मग जानेवारी आला. नव्या सुनेची पहिली संक्रांत म्हणजे काळी साडी, हलव्याचे दागिने, मोठं हळदीकुंकू. मी मनाशी धरून चालले होते की या वेळी बोलावणं येणार. ज्या बाईनं सगळ्या महाराष्ट्रासमोर मला कुंकू लावलं ती तिच्याच घरच्या कार्याला मला वगळेल कशी? वगळायला तोंड तरी राहिलंय का तिला?

ग्रुपवर कार्ड आलं नाही. मला वाटलं, उशीर झाला असेल. शनिवारी संध्याकाळी फोन उघडला तर तिसऱ्या मजल्यावरचीच्या स्टेटसवर समोरचीच्या दाराला लावलेलं झेंडूचं तोरण, आणि 'आज काहीतरी खास'. ते तोरण माझ्या दारापासून हाताच्या अंतरावर होतं. आतलं हसणं मला भिंतीतून ऐकू येत होतं आणि बोलावणं मला नाही हे मी फोनमध्ये वाचत होते. माझं डोकं फिरलं. मी हिरवी साडी नेसले, शाल नाही घेतली, आणि चौक ओलांडून उघड्या दारात जाऊन उभी राहिले.

नवी सून फुलांच्या पडद्यापुढे खुर्चीवर बसली होती. पांढऱ्या हलव्याचा हार, बाजूबंद, बिंदी. गोड दिसत होती. तिनं मला बघून हसून हात जोडले. बिचारीला काही माहीत नसावं.

समोरची कोयरी घेऊन पुढे आली. "अगं, मी येणारच होते तुझ्याकडे उद्या, तिळगूळ घेऊन," ती म्हणाली. मग अगदी जवळ येऊन, आवाज खाली आणून, "तिच्या माहेरच्या बायका आल्यात गं. त्यांना नाही चालत. पहिली संक्रांत आहे पोरीची, उगाच कुणी काही बोलायला नको. तू तरी समजून घे."

"मागच्या वर्षी चाललं ते?"

"ते वेगळं होतं," ती म्हणाली.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचीची नजर माझ्यावर गेली. "काकू! ओ माय गॉड, पार्ट टू!" असं ओरडून तिनं फोन वर केला.

समोरचीनं फोन बघितला. माझ्यापासून वीतभर अंतरावर तिचा चेहरा बदलला. आठ्या गेल्या, हनुवटी वर आली आणि जे हसू मी वर्षभर स्क्रीनवर बघत होते ते ओठांवर आलं. मागे माहेरच्या बायकाही सावरून बसल्या. ज्यांना चालत नव्हतं त्यांतल्याच एकीनं पदर नीट केला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली.

"ये, माझी सखी," समोरची मोठ्यानं म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं मला कधी सखी म्हटलं नव्हतं. तिनं कोयरीत बोट बुडवलं आणि हात माझ्या कपाळाकडे आणला.

"आधी तो फोन बंद करायला सांग," मी म्हणाले. "मग लाव."

"काकू, प्लीज ना, इतकं नॅचरल येतंय—"

"बंद कर."

माझा आवाज चढला असावा, कारण तिनं मुकाट्यानं फोन खाली घेतला. समोरचीचा हात अजून वरच होता, बोटावर कुंकू होतं, आणि मी कपाळ पुढे करून उभी होते. मी वाट बघितली. मला खरंच वाटत होतं की ती लावेल. तिनं सुनेच्या माहेरच्या बायकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग फोन नक्की बंद झालाय ना तिकडे. आणि बोटावरचं कुंकू तिनं परत कोयरीत झटकलं.